मंगळवार आणि शुक्रवार, चार ते पाच

४ जून

ताई,

नमस्कार. उशीच्या दोन्ही खोळी मिळाल्या. माप अर्ध्या बोटानंही चुकलेलं नाही, म्हणजे डोळे ठीक आहेत.

आता कानांचं. तुझा भाचा पुन्हा तोच विषय काढून बसलाय. डावा कान गेला तेव्हा आपलं ठरलं होतं, की उजवा कामापुरता चालतोय तोवर तू तुझ्या घरात राहायचं आणि ज्या दिवशी फोनवरचं ऐकू येईनासं होईल त्या दिवशी घर बंद करून आमच्याकडे यायचं. तू हो म्हणाली होतीस. पण तुझ्याकडे फोनच नाही, मग कळणार कसं, असा त्याचा मुद्दा आहे. मुलगा माझा असला तरी मुद्दा बरोबर आहे.

म्हणून त्यानं त्याचा जुना फोन आणि जुना टॅबलेट तुला पाठवलाय, आणि आपल्या पाच जणांना मिळून एकच स्वस्त फॅमिली प्लॅन शोधायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. पाच म्हणजे तो, सूनबाई, नात, मी आणि तू. वर तुझा टॅबलेट.

कोणाला किती लागतं हे मी विचारत बसलो नाही. एकतीस वर्षं लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचले, तोंडी विचारलं की आकडा हमखास खोटा येतो. मी वही घेऊन प्रत्येकाच्या फोनमधून महिन्याचा वापर उतरवून घेतला. सूनबाई म्हणते, मी फक्त ऑफिसचं बघते. तिच्या ऑफिसात लोकांची स्वयंपाकघरं सजवतात हे मला माहीत नव्हतं. तुझा भाचा सगळ्यांना वापरावरून बोलतो आणि स्वतः सगळ्यांत जास्त वापरतो. नात निदान लपवत तरी नाही. माझा आकडा जवळजवळ शून्य आला. बंद घराचा येतो तसा.

तुझ्याकडून दोन गोष्टी तपासून हव्यात. फोन हप्त्यांवर घेतलेला होता, त्यामुळे कंपनीनं त्याला कुलूप घातलं होतं; फक्त त्यांचंच सिम चालायचं. हप्ते फिटले, कुलूप काढलं असं म्हणतात. म्हणतात यावर मी विश्वास ठेवत नाही. भाच्यानं खोकं मला न दाखवता परस्पर पाठवून दिलं, नाहीतर मीच बघितलं असतं. खालच्या नर्सबाईंचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे ना? ते दोन मिनिटं घालून बघ. पट्ट्या उमटल्या तर फोन मोकळा. दुसरं, टॅबलेटच्या कडेला बारीक भोक आणि छोटा खण आहे का ते बघ. काही टॅबलेटना सिमची जागाच नसते, ते घरातल्या वायफायवरच चालतात, आणि तुझ्याकडे वायफाय नाही.

बाकी ठीक. जेवलीस का?

तुझा धाकटा


११ जून

प्रिय मीटर,

किती वर्षं सांगतेय, पत्रात 'जेवलीस का' विचारत जाऊ नकोस. तुझं पत्र यायला चार दिवस, माझं पोचायला चार दिवस. तेवढ्यात सोळा जेवणं होतात. तू नेमकं कुठल्या जेवणाबद्दल विचारतोस?

फोन मोकळा आहे. नर्सबाई ड्यूटीवरून आली तेव्हा तिला जिन्यातच गाठलं. सिमचा खण उघडायची टाचणी खोक्यात नव्हती, मी सात नंबरची सुई वापरली. सिम घातलं, पट्ट्या उमटल्या, आणि तेवढ्यात तिच्या हॉस्पिटलातून फोन आला. तो तिनं माझ्या शिवणाच्या मशिनला टेकून घेतला. कुठल्यातरी पेशंटला काय द्यायचं ते सांगत होती आणि मी सिम परत मागितलं जातंय का बघत सुई धरून उभी. टॅबलेटलाही खण आहे. त्यातही तेच सिम घालून बघितलं, चाललं.

मला फोन-बिन नको असं मी इतकी वर्षं म्हणत आले हे तुला आठवत असेलच. आता घ्यायचाच आहे तर नीट घेऊया. फोनवर मला काही नको, टॅबलेटवर मात्र भरपूर डेटा हवा. शिवणाचे व्हिडिओ असतात म्हणे. कॉलरचे नवे प्रकार बघायचे आहेत.

एक विचारते. प्लॅनचा प्रमुख तू असणार. मग कोण काय बघतं, कोणाशी बोलतं, हे सगळं तुला दिसतं का? नातीसाठी विचारतेय. वयात आलेली मुलगी आहे.

ताई


१८ जून

ताई,

तू टॅबलेट लगेच घ्यायला तयार झालीस हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं. मागे तू साधी मिक्सरची गोष्ट दोन वर्षं लांबवली होतीस.

नातीची काळजी करू नकोस. काय बघितलं ते मला दिसत नाही. कुठल्या नंबरवर किती आणि कधी, एवढंच दिसतं. मीटर तरी दुसरं काय सांगतो? पाणी किती गेलं ते सांगतो, आंघोळ केली की भांडी घासली ते नाही. तेही मी कोणाला सांगत नाही. नोकरीत पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी एकच गोष्ट बजावली होती, एका घरचा आकडा दुसऱ्या घरी बोलायचा नाही. तेवढं मी पाळलं.

प्लॅन ठरला. तीन दुकानं पालथी घातली. एकात पाच नंबर स्वस्त होते पण टॅबलेटचं सिम वेगळं आणि महाग. दुसऱ्यात डेटा 'अमर्याद' लिहिलं होतं. मी दुकानातल्या मुलीला विचारलं, अमर्याद म्हणजे किती? ती म्हणाली, अमुक इतका झाला की वेग कमी होतो. मग मर्यादा झाली ना, म्हटलं. तिनं हात टेकले आणि मालकाला बोलावलं. तिसरा घेतला. त्यात सगळ्यांचा मिळून एकच साठा, गच्चीवरच्या टाकीसारखा. पाचही जणांनी त्यातूनच घ्यायचं, आणि टॅबलेटचं सिम फुकट. टाकी मध्यम आहे. जपून वापरलं तर महिनाभर पुरेल.

दोन्ही सिम सोबत पाठवतोय. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही सगळे तुला फोन करू. भाच्याची अट तीच आहे, तू फोन उचललास आणि बोललीस की तो आठवडाभर गप्प.

जेवलीस का? (सवय आहे. चालवून घे.)

धाकटा


२ ऑगस्ट

ताई,

पहिला महिना झाला, आकडे आले.

आधी रविवारचं. तू चारही रविवारी दुसऱ्या रिंगला फोन उचललास. भाचा खूश आहे. पण ताई, तू आम्हाला एक शब्द बोलू देत नाहीस. मशिनचा पट्टा, जिन्यातला दिवा, नर्सबाईची ड्यूटी, दहा मिनिटं धडाधड, आणि 'चला, ठेवते' म्हणून बंद. सूनबाई म्हणते, आत्या एकट्या असतात, साचलेलं असतं. मी म्हटलं, साचायला ही कधी गप्प बसली होती? पण असो, आवाज खणखणीत होता.

आता खरं कारण. टाकी पंचवीस तारखेला रिकामी झाली. मी सगळ्यांवर संशय घेतला, नातीची माफीही मागून झाली. गळती तुझ्याकडे आहे. फोनवरून तू एकही कॉल केलेला नाहीस, तिथे शून्य. टॅबलेटवर मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच मोठा वापर. बाकी पाच दिवस काही नाही. कॉलर बघणारा माणूस वार आणि वेळ लावून बघत नाही.

मीटरवर असा ठरावीक वेळेचा आकडा दिसला की आम्ही समजायचो, शेजाऱ्यानं नळी जोडली. नर्सबाईची सुट्टी कोणत्या वारी असते? ती चारला तुझ्याकडे येऊन टॅबलेट घेऊन बसते का? तू भिडेपोटी बोलत नसशील तर मी बोलतो.

जेवलीस का?

धाकटा


९ ऑगस्ट

मीटर,

नर्सबाईचं नाव पुन्हा काढू नकोस. ती माझं औषध आणते, गॅस बंद आहे का बघून कामावर जाते, आणि तिच्याकडे स्वतःचा फोन आहे. तुझं पत्र तिनंच खालून वर आणून दिलं आणि 'भावाचं आलं वाटतं' म्हणून हसली. मला मान वर करवेना.

मी मंगळवारी-शुक्रवारी चारला बघते कारण तेव्हा काम आवरलेलं असतं. एवढं साधं आहे. टाकी संपत असेल तर मी अर्धा तास कमी करीन. आणि रविवारी बोलते ती खुशीनं बोलते. ऐकायचं नसेल तर तसं सांग.

माझा टॅबलेट काढून घ्यायचं मात्र मनात आणू नकोस. हे मी गमतीनं लिहीत नाहीये.

ताई


२० ऑगस्ट

ताई,

नर्सबाईंची माफी मागतो. त्यांना सांग, किंवा नको सांगू, त्यांना काही माहीतच नाही.

तुझं शेवटचं वाक्य मी खूप वेळा वाचलं. जी बाई दोन महिन्यांपूर्वी फोन नको म्हणत होती ती आता टॅबलेट सोडायला तयार नाही. म्हणून मी पुन्हा आकड्यांकडे गेलो. या प्लॅनमध्ये आत किती आलं आणि बाहेर किती गेलं हे वेगळं दाखवतात, मी आधी लक्षच दिलं नव्हतं. व्हिडिओ बघणाऱ्या माणसाकडे नुसतं आत येतं. तुझ्याकडे जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातंय. म्हणजे तू कोणाला तरी बघतेस आणि ते तुला बघतात.

मग मला काय वाटलं असेल ते तूच समज. एकोणसत्तराव्या वर्षी बहिणीचं कुठे जुळलं असेल तर भावानं काय करायचं असतं? मी रुसलो नाही, खरंच सांगतो. मी मनात त्याला मध्यम उंचीचा, स्वभावानं शांत असा धरून चाललो होतो. एकदा विचारायचं ठरवलं. परवाच्या रविवारी तुला फोन लागला तेव्हा भाचा दारावर आलेल्या माणसाशी बोलत होता, सूनबाई आत, नात झोपलेली. खोलीत मी एकटा. तू सुरू झालीस. मी मध्येच म्हटलं, ताई, तो कोण आहे? तू मशिनच्या सुयांचं सांगत राहिलीस. मी मोठ्यांदा म्हटलं. तू सुयांवरच.

मग मी म्हटलं, ताई, मी जिन्यावरून पडलो, माझा पाय मोडलाय.

तू म्हणालीस, 'छान, छान. असंच चालू दे. चला, ठेवते.'

मी फोन हातात धरून बसलो. भाचा आत आला, म्हणाला, काय म्हणते आत्या? मी म्हटलं, छान आहे म्हणते.

पाय धड आहे. मला सांग, किती दिवस झाले? आणि फोन वाजलेला तुला कळतो कसा, हेही सांग. चारही रविवारी दुसऱ्या रिंगला. ते मला काही केल्या सुटत नाहीये.

धाकटा


२७ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

पाय धड आहे ना, ते आधी नीट लिही. मी 'छान' म्हणाले हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. माझ्या धाकट्याचा पाय मोडला आणि मी छान म्हणाले.

आठ महिने झाले. एका आठवड्यात गेला उजवाही. मशिन चालतंय का हे मी आता हात ठेवून बघते. डॉक्टर म्हणाले नस गेली, कानात यंत्र घालूनही उपयोग नाही. नर्सबाई तेव्हा माझ्यासोबत होती. तिला मी शपथ घातली.

फोन मी बटणांच्या डब्यात ठेवते, झाकण काढून. तो थरथरला की बटणं नाचतात. रविवारी दहाला मी डब्यासमोर बसूनच असते. बटणं हलली की हिरवं दाबायचं, पडद्यावर सेकंद पळायला लागले की बोलायचं. थांबले तर तुम्ही काहीतरी विचाराल, म्हणून थांबायचं नाही. शनिवारी मी कागदावर मुद्दे काढून ठेवते. दहा मिनिटं एकटीनं बोलणं किती कठीण असतं तुला माहीत आहे का? समोर कोणी हसतंय की गेलंय उठून, काही कळत नाही.

आता तो शांत स्वभावाचा. तो पंचवीस वर्षांची मुलगी आहे. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे फळ्यावर तिची चिठ्ठी लावलेली होती, खुणांची भाषा शिकवते म्हणून. ती दूर राहते, पडद्यावरच शिकवते, आणि त्यासाठी सिमवाला टॅबलेट हवा. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मला वाटलं, माझ्या मनातलं तुला कोणी सांगितलं? आम्ही आठजण शिकतो. मी वयानं सगळ्यांत मोठी आणि बोटांनी सगळ्यांत चलाख, असं ती म्हणते. पन्नास वर्षं काजं केली आहेत, बोटांना दुसरं येतंय काय.

धाकट्या, त्या एका तासात मला विचारलेलं कळतं. मी उत्तर देते, समोरची हसते, पुढचं विचारते. बाकी आठवडाभर सगळे माझ्याशी तोंडं हलवतात आणि मी अंदाजानं मान डोलावते.

भाच्याला कळलं तर तो शब्दाला पक्का आहे, मला घेऊन जाईल. तुम्ही सगळे मला फुलासारखं ठेवाल हे मला माहीत आहे. पण तुमच्या घरात चार जण बोलत असतील आणि मी मध्ये बसलेली असेन. इथे मी एकटी असते तेव्हा निदान माझ्याशिवाय कोणी बोलत नसतं. मला माझ्या घरात राहायचं आहे. तू सांगितलंस तर सगळं संपेल. नाही सांगितलंस तर मी तुला खोटं बोलायला लावलं. दोन्हींत माझीच चूक आहे.

ताई


३ सप्टेंबर

ताई,

पाय धड आहे. दोन्ही.

एका घरचा आकडा दुसऱ्या घरी बोलायचा नाही. मी बोलणार नाही. पण गळती दिसली की त्या घराला सांगायचं हेही माझंच काम होतं, ते तुला सांगतो: हे तुला स्वतः भाच्याला सांगावं लागेल. मी तीन रविवार थांबतो. दारावर कोणी आलं तर तुला कसं कळतं, गॅसचा वास येतो का, रात्री काही झालं तर नर्सबाईंना कसं कळवणार, हे सगळं लिहून काढ. भाचा रागावेल, पण तयारी दिसली तर ऐकेल. ती अट घातली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटत होतं की ऐकू येणं म्हणजे फोन. त्यात तुला काय हवं ते कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. याचं मला वाईट वाटतं.

त्या शिकवणारीचा नंबर पाठव. माणूस सरळ आहे का, मला खात्री करायची आहे. तू कोणावरही विश्वास ठेवतेस.

धाकटा


२२ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

काल रविवार झाला. तू पडद्यापलीकडे होतासच, पण मला अलीकडून काय दिसलं ते तुला कळायला हवं.

दहाला पाच मिनिटं असताना मीच टॅबलेटवरून व्हिडिओ कॉल लावला. दोनदा भलतंच बटण दाबलं. तुम्ही चौघे दिसलात. मी म्हटलं, आज मी दहा मिनिटं बोलणार नाही, एकच वाक्य बोलणार आहे. ते बोलले. मग दारावरच्या घंटीला नर्सबाईनं जोडून दिलेला दिवा दाखवला, गॅसचं आपोआप बंद होणारं बटण दाखवलं, आणि बटणांचा डबा दाखवला.

भाच्याचं तोंड बराच वेळ हलत होतं. ते मला न ऐकताच कळलं. मग तो उठून गेला. मला वाटलं, संपलं. सूनबाई डोळे पुसत होती, नात तिच्याकडे बघत होती. मी माझ्या खोलीकडे एकदा बघून घेतलं, मशिन, खिडकी, दोऱ्यांची फळी. खरं सांगते, मी मनात निरोप घेतला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता. मला वाटलं गाडीची तारीख लिहून आणली. त्यानं तो पडद्यासमोर धरला. त्यावर तुझी वही उतरवलेली होती: या महिन्यात कोणाचा डेटा किती वाढला. सगळ्यांत वर तुझा नंबर. बुधवार आणि शनिवार, चार ते पाच. टाकी अठरा तारखेलाच रिकामी, वरचा डेटा विकत घेतलेला. खाली त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आत्या, हे पण तुझंच काम का?'

मी तुझ्याकडे बघितलं. माणूस सरळ आहे का, याची खात्री करायला तुला तीन तास लागले तर.

तू खुर्ची पुढे ओढलीस. चष्मा नीट केलास. मग दोन्ही हात वर घेतलेस आणि शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखा थोडा घाबरलास. बोटं जाडजूड, मीटरची झाकणं उचलून वाकडी झालेली. पहिल्यांदा चुकलास. पुन्हा सुरू केलंस. मी एकेक खूण वाचत होते, आणि पूर्ण झाल्यावर मला खरं वाटेना.

तू विचारलंस, जेवलीस का?

सकाळच्या दहाला कोण जेवतं, धाकट्या? पण मी उत्तर दिलं. नाही, म्हटलं, अजून नाही. तू ते वाचलंस. मान हलवलीस आणि विचारलंस, कधी? मी म्हटलं, एकला. तू म्हटलंस, बरं.

एवढंच. मग भाचा तुझ्या हातांकडे बघत राहिला, आणि माझ्याकडे. तुला आठवत असेल, त्यानंतर त्यानं तुला काहीतरी विचारलं आणि तू त्याची उजवी मूठ धरून बोटं एकेक करून नीट लावून दिलीस. त्यानं मला विचारलेलं पहिलं वाक्य अगदीच मोडकं होतं. मला समजलं. त्यानं विचारलं, तिथे राहणार? मी म्हटलं, राहणार. त्यानं कागद उलटा करून मागे लिहिलं: 'मग अट बदलू. दर रविवारी दहाला, हातांनी. आणि मोठी टाकी घेऊ.'

फोन बंद झाल्यावर मी किती वेळ तिथेच बसून होते. नर्सबाई वर आली, तिला वाटलं काही वाईट झालं. मी तिला सांगितलं, माझ्या भावानं मला विचारलं, जेवलीस का, आणि मी लगेच सांगितलं. तिनं कागदावर लिहिलं, त्यात काय? तिला कसं समजावणार?

पत्र लिहायचं तू सोडू नकोस. हातांनी सगळं सांगता यायला आपल्याला अजून वर्ष लागेल, आणि तुझी बोटं बघता दोन. फक्त शेवटचा तो प्रश्न आता पत्रात लिहीत जाऊ नकोस. तो रविवारी विचार.

काल मी बरोबर एकला जेवले.

ताई